ग्रँड नॅशनल शर्यतीपूर्वीचे मूल्यमापन

ग्रँड नॅशनल ही इंग्लंडमधील लिव्हरपूल शहराजवळ ऐन्ट्री येथे दरवर्षी एप्रिल महिन्यात होणारी जगप्रसिद्ध स्टीपलचेस, म्हणजेच अडथळ्यांची लांब पल्ल्याची अश्वशर्यत आहे. या शर्यतीपूर्वी सहभागी घोड्यांची पूर्वकामगिरी, त्यांना वाहावे लागणारे वजन आणि शर्यतीच्या दिवशीची जमिनीची स्थिती यांचा एकत्रित अभ्यास केला जातो. पूर्वकामगिरीला शर्यतीच्या परिभाषेत 'फॉर्म' आणि जमिनीच्या स्थितीला 'गोइंग' असे म्हणतात. प्रशिक्षक, मालक, जॉकी, हँडिकॅपर, पशुवैद्य, वार्ताहर आणि पैज लावणारे प्रेक्षक हे सर्वजण आपापल्या हेतूने हा अभ्यास करतात. घोड्याची प्रत्येक पूर्वकामगिरी विशिष्ट जमिनीवर आणि विशिष्ट वजनासह घडलेली असल्यामुळे फॉर्म व जमीन यांचा स्वतंत्रपणे विचार करता येत नाही, हे या मूल्यमापनाचे मूलतत्त्व होय.

पार्श्वभूमी

स्टीपल म्हणजे चर्चचा उंच निमुळता मनोरा. आयर्लंडमधील कॉर्क परगण्यात १७५२ साली बटिव्हंट येथील चर्चपासून डोनरेल येथील चर्चपर्यंत दोन घोडेस्वारांमध्ये शर्यत लागली होती, अशी परंपरागत माहिती आहे. दूरवरच्या मनोऱ्याकडे नजर ठेवून वाटेतील कुंपणे, ओढे आणि चर ओलांडत जाण्याच्या या प्रकारावरून स्टीपलचेस हे नाव रूढ झाले. मैदानी स्पर्धांतील ३,००० मीटर स्टीपलचेस या धावण्याच्या प्रकाराचे नावही याच अश्वशर्यतीवरून आलेले आहे. बीड जिल्ह्यातील धावपटू अविनाश साबळे यांच्या कामगिरीमुळे तो प्रकार महाराष्ट्रात परिचित झाला आहे.

ग्रँड नॅशनलची पहिली अधिकृत शर्यत सामान्यतः १८३९ ची मानली जाते. ती लॉटरी नावाच्या घोड्याने जिंकली. सध्या शर्यतीचे अंतर सुमारे ६.९ किलोमीटर आहे. मार्गावर १६ अडथळे असून त्यांपैकी १४ दोनदा आणि २ एकदाच ओलांडावे लागतात, त्यामुळे एकूण ३० उड्या होतात. बीचर्स ब्रुक, फॉइनेव्हन, कॅनॉल टर्न आणि द चेअर हे त्यांतील प्रसिद्ध अडथळे होत. द चेअर हा सर्वांत उंच, सुमारे १५७ सेंटिमीटरचा आहे. शेवटच्या अडथळ्यानंतर अंतिम रेषेपर्यंत सुमारे ४५० मीटरची मोकळी धाव असते. सात वर्षांहून लहान घोड्यास या शर्यतीत प्रवेश मिळत नाही.

जमिनीची स्थिती

ब्रिटनमध्ये गवताळ धावमार्गाची स्थिती सांगण्यासाठी ठरावीक संज्ञा वापरतात. सर्वांत कठीण जमिनीपासून सर्वांत ओल्या जमिनीपर्यंत त्यांचा क्रम पुढीलप्रमाणे आहे :

हार्ड – दगडासारखी टणक जमीन. अडथळ्यांच्या शर्यतीस अयोग्य.
फर्म – कोरडी व घट्ट जमीन. वेग वाढतो, पायांना हादरे बसतात.
गुड टू फर्म – घट्ट, परंतु किंचित लवचीक.
गुड – खूर अलगद उमटेल इतपत ओल असलेली जमीन.
गुड टू सॉफ्ट – मऊपणाकडे झुकणारी जमीन.
सॉफ्ट – खूर खोल रुततो, वेग कमी होतो.
हेवी – पाण्याने भरलेली, चिखलाची जमीन.

आयर्लंडमध्ये गुड आणि सॉफ्ट यांच्या दरम्यानच्या स्थितीस 'यील्डिंग' म्हणतात. ग्रँड नॅशनलमध्ये आयर्लंडहून येणाऱ्या घोड्यांची संख्या मोठी असल्याने अभ्यासकांना ही संज्ञाही माहीत असावी लागते.

पेरणीयोग्य जमिनीसाठी मराठी शेतकरी 'वाफसा' हा शब्द वापरतो. माती ओली असावी, पण पायाला चिकटू नये, अशी ती अवस्था होय. गुड ते गुड टू सॉफ्ट या टप्प्यातील जमिनीची कल्पना या शब्दावरून बरीचशी करता येते.

स्थिती घोषित करण्याची जबाबदारी 'क्लार्क ऑफ द कोर्स' या अधिकाऱ्यावर असते. पूर्वी हा अधिकारी मार्गावरून चालत जाऊन, काठी किंवा बुटाची टाच जमिनीत रोवून अंदाज बांधत असे. आता त्याच्या जोडीला 'गोइंगस्टिक' हे उपकरण वापरले जाते. त्याचे टोक जमिनीत खुपसण्यास किती जोर लागतो आणि नंतर ते तिरपे करताना माती किती प्रतिकार करते, या दोन गोष्टींवरून एक अंक मिळतो. अंक जितका मोठा तितकी जमीन कठीण. मार्गावर ठिकठिकाणी मोजणी करून सरासरी काढली जाते.

सरासरीमुळे काही बारकावे झाकले जातात. झाडांच्या सावलीतील भाग उशिरा वाळतो. वळणाच्या आतील बाजूस आधीच्या शर्यतींतील खुरांनी जमीन उखणलेली असते. ग्रँड नॅशनलमध्ये घोडे त्याच मार्गावरून दोन फेऱ्या मारत असल्याने पहिल्या फेरीत तुडवली गेलेली जमीन दुसऱ्या फेरीत पुन्हा वाट्याला येते. म्हणून अनेक प्रशिक्षक व जॉकी शर्यतीच्या दिवशी सकाळी संपूर्ण मार्ग पायी फिरून पाहतात. पाऊस थांबल्यानंतर वाळू लागलेली जमीनही फसवी असते. पाण्याने पातळ झालेल्या चिखलातून खूर सहज सुटतो. तोच चिखल अर्धवट सुकून चिकट झाला की प्रत्येक पावलाला खूर उपसून काढावा लागतो आणि घोडा लवकर थकतो. 'सॉफ्ट' ही एकच संज्ञा या दोन्ही अवस्थांना लावली जाऊ शकते. त्यामुळे जाणकार त्या दिवशीच्या आधीच्या शर्यतींना लागलेला वेळ नेहमीच्या वेळेशी ताडून पाहतात.

जमिनीचा शर्यतीवर किती परिणाम होतो, हे दोन उदाहरणांवरून स्पष्ट होते. १९९० मध्ये कठीण जमिनीवर मिस्टर फ्रिस्क या घोड्याने ८ मिनिटे ४७.८ सेकंदांत शर्यत जिंकून विक्रम केला. २००१ मध्ये तेवढ्याच अंतरासाठी, मुसळधार पावसानंतरच्या हेवी जमिनीवर, रेड मरॉडर या विजेत्यास ११ मिनिटांहून किंचित अधिक वेळ लागला. त्या वर्षी धावलेल्या ४० घोड्यांपैकी केवळ चार घोड्यांनी शर्यत पूर्ण केली. त्यांतील दोघांचे जॉकी वाटेत पडून पुन्हा स्वार झाले होते. १९९० ची शर्यत प्रामुख्याने वेगाची, तर २००१ ची शर्यत तग धरण्याची ठरली.

जुन्या व नव्या वेळांची तुलना करताना मात्र काळजी घ्यावी लागते. २०१३ मध्ये प्रारंभरेषा पुढे आणण्यात आली आणि २०१६ मध्ये फेरमोजणीनंतर आजचे अंतर निश्चित झाले. पूर्वीचे अधिकृत अंतर सुमारे ७.२ किलोमीटर होते.

पूर्वकामगिरीचे वाचन

शर्यतपत्रिकेत प्रत्येक घोड्याच्या नावापुढे अंक व अक्षरे यांची एक साखळी दिलेली असते. ती डावीकडून उजवीकडे वाचावयाची असून सर्वांत अलीकडची शर्यत उजव्या टोकास असते. १ ते ९ हे अंक त्या त्या शर्यतीतील क्रमांक दर्शवितात. शून्याचा अर्थ घोडा पहिल्या नऊ जणांत नव्हता. 'एफ' म्हणजे घोडा पडला, 'यू' म्हणजे स्वार पडला, 'पी' म्हणजे जॉकीने घोडा शर्यतीतून बाहेर काढला, 'आर' म्हणजे घोड्याने उडी नाकारली आणि 'बी' म्हणजे दुसऱ्या घोड्यामुळे तो पाडला गेला. आडवी रेघ मागील हंगामाची आणि तिरपी रेघ त्याहून मोठ्या खंडाची सीमा दाखविते.

साखळी हा केवळ सारांश असतो. पाचवा क्रमांक हा सात घोड्यांच्या सामान्य शर्यतीतील आहे की वीस मातब्बर घोड्यांच्या शर्यतीतील, हे अंकावरून कळत नाही. 'पी' हे अक्षर दुखापतीमुळे आले की जमीन न मानवल्याने जॉकीने सुज्ञपणे घोडा थांबविला म्हणून आले, हेही वेगळे तपासावे लागते. फॉर्म वाचताना पुढील बाबी पाहिल्या जातात :

अंतर – प्रवेशासाठी घोड्याने सुमारे ४.८ किलोमीटर किंवा अधिक अंतराच्या स्टीपलचेसमध्ये पहिल्या चारांत क्रमांक मिळविलेला असावा लागतो. तरीही त्यापुढील दोन किलोमीटर बहुतेक घोड्यांसाठी अपरिचित असतात. आयरिश ग्रँड नॅशनलसारख्या दीर्घ शर्यतीतील कामगिरी म्हणूनच महत्त्वाची ठरते. आय अॅम मॅक्सिमस या घोड्याने २०२३ ची आयरिश ग्रँड नॅशनल आणि २०२४ ची ऐन्ट्री येथील ग्रँड नॅशनल जिंकली.

उडीची सफाई – ऐन्ट्री येथील अडथळे स्प्रूस झाडाच्या फांद्यांनी मढविलेले असतात. इतर ब्रिटिश मैदानांवरील अडथळ्यांपेक्षा ते निराळे दिसतात. डिसेंबरमधील बीचर चेससारख्या मोजक्याच शर्यती याच अडथळ्यांवर होतात, त्यामुळे तेथील अनुभवास विशेष मोल दिले जाते.

मैदानाची घडण – ऐन्ट्री हे डावीकडे वळणारे व जवळजवळ सपाट मैदान आहे. उडी मारताना सतत उजवीकडे सरकणारा घोडा येथे प्रत्येक अडथळ्यावर थोडे अंतर गमावतो. कॅनॉल टर्न येथे तर उडीनंतर लगेच काटकोनात डावीकडे वळावे लागते. चेल्टनहॅम येथील चढउताराच्या मार्गावरील कामगिरी ऐन्ट्रीला जशीच्या तशी लागू होत नाही.

विश्रांती – मार्चमधील चेल्टनहॅम महोत्सव व ग्रँड नॅशनल यांत साधारण तीन ते चार आठवड्यांचे अंतर असते. चेल्टनहॅम येथे उत्तम धावलेला घोडा थकवा झटकून ताजातवाना झाला आहे का, हा प्रश्न दरवर्षी उपस्थित होतो. चेल्टनहॅम गोल्ड कप आणि ग्रँड नॅशनल या दोन्ही शर्यती एकाच वर्षी जिंकणारा गोल्डन मिलर (१९३४) हा आजवरचा विरळा घोडा मानला जातो.

जमिनीची आवड – घोड्याने जिंकलेल्या आणि हरलेल्या शर्यती जमिनीच्या प्रकारानुसार वेगवेगळ्या मांडून पाहिल्यास त्याचा कल ध्यानात येतो. क्रिकेटमधील फलंदाजाची सरासरी खेळपट्टीनुसार वेगळी पाहावी, तसाच हा प्रकार आहे.

वजन आणि हँडिकॅप

ग्रँड नॅशनल ही हँडिकॅप शर्यत आहे. सर्व घोड्यांना जिंकण्याची सारखी संधी मिळावी म्हणून सरस घोड्यावर अधिक वजन दिले जाते. प्रत्येक घोड्यास कामगिरीनुसार गुणांक असतो आणि गुणांकातील एका अंकाचा फरक म्हणजे एक पौंड वजनाचा फरक. जॉकी, खोगीर आणि आवश्यकतेनुसार खोगिराखालील कापडाच्या खिशांत ठेवलेले शिशाचे तुकडे मिळून हे वजन भरते. ते स्टोन व पौंड यांत सांगण्याची प्रथा आहे. १ स्टोन म्हणजे १४ पौंड, अर्थात सुमारे ६.३५ किलोग्रॅम. अलीकडच्या वर्षांत सर्वाधिक वजन ११ स्टोन १२ पौंड, म्हणजे सुमारे ७५ किलोग्रॅम राहिले आहे.

ग्रँड नॅशनलची वजने फेब्रुवारीत जाहीर होतात आणि त्यानंतरच्या विजयांमुळे गुणांक वाढला तरी घोड्याचे मूळ वजन वाढविले जात नाही. त्यामुळे मार्चमध्ये सुधारलेल्या घोड्यास त्याच्या ताज्या योग्यतेपेक्षा कमी वजन घेऊन धावता येते. २०२३ मध्ये कोरॅक रॅम्बलर या घोड्याने चेल्टनहॅम येथील अल्टिमा शर्यत जिंकली आणि पुढील महिन्यात ग्रँड नॅशनलही जिंकली.

वजनाचा भार जमिनीनुसार बदलतो. घट्ट जमिनीवर सुसह्य वाटणारे चार-पाच पौंड चिकट चिखलात, सहा किलोमीटरनंतर, निर्णायक ठरू शकतात.

घटकांचा एकत्रित विचार

१९७३ ची शर्यत वजनाचे महत्त्व समजण्यासाठी नेहमी अभ्यासली जाते. ऑस्ट्रेलियात जन्मलेला क्रिस्प हा घोडा १२ स्टोन (सुमारे ७६ किलोग्रॅम) वजन घेऊन धावत होता आणि शेवटच्या अडथळ्यापर्यंत तो बराच आघाडीवर होता. त्याच्यापेक्षा २३ पौंड, म्हणजे सुमारे १० किलोग्रॅम कमी वजन असलेल्या रेड रम याने शेवटच्या मोकळ्या धावेत त्याला गाठले आणि अवघ्या पाऊण घोडालांबीने हरविले. जमीन घट्ट होती व जुना विक्रम दोघांनीही मोडला. हलके वजन हेच रेड रमच्या यशाचे एकमेव कारण, हा निष्कर्ष मात्र पुढील वर्षी टिकला नाही. १९७४ मध्ये त्याने १२ स्टोन वजनासह पुन्हा विजय मिळविला. १९७५ व १९७६ मध्ये तो दुसरा आला आणि १९७७ मध्ये तिसऱ्यांदा जिंकला. पाचही वेळा तो एकदाही पडला नाही. त्याच्या पायांत दुखणे होते आणि प्रशिक्षक जिंजर मॅकेन त्याचा सराव साउथपोर्ट येथील समुद्रकिनाऱ्यावरील वाळूत घेत असत.

टायगर रोल या घोड्याने सलग दोन वर्षे, एकाच जॉकीसह, परंतु वेगवेगळ्या जमिनीवर शर्यत जिंकली. २०१८ मध्ये पावसाने जड झालेल्या जमिनीवर १० स्टोन १३ पौंड वजनासह त्याला सुमारे ९ मिनिटे ४० सेकंद लागले. २०१९ मध्ये गुड टू सॉफ्ट जमिनीवर, सहा पौंड अधिक वजन असूनही, त्याने सुमारे ९ मिनिटे १ सेकंदात शर्यत पूर्ण केली. वजन वाढूनही वेळ सुमारे ३९ सेकंदांनी घटली. केवळ वेळेचा आकडा पाहून घोड्याची योग्यता ठरविणे का चुकीचे आहे, हे या उदाहरणावरून कळते.

अश्वांची सुरक्षितता

जमिनीच्या मूल्यमापनाचा संबंध केवळ निकालाच्या अंदाजाशी नसून घोड्यांच्या जीविताशीही आहे. कठीण जमिनीवर वेग वाढतो आणि वेगात पडलेल्या घोड्याला गंभीर इजा होण्याची शक्यता वाढते. अतिशय ओल्या जमिनीवर घोडे थकतात आणि थकलेला घोडा उडीत चुकतो. २०११ व २०१२ या दोन्ही वर्षी शर्यतीत प्रत्येकी दोन घोडे दगावले. २०१२ मधील मृत घोड्यांत त्याच वर्षीचा चेल्टनहॅम गोल्ड कप विजेता सिंक्रोनाइज्ड याचा समावेश होता. गोल्ड कप जिंकून त्याला महिनाही पुरा झाला नव्हता. या घटनांनंतर अडथळ्यांच्या गाभ्यातील लाकडी चौकटी काढून त्या जागी लवचीक कृत्रिम साहित्य बसविण्यात आले. जमीन गुड टू सॉफ्टपेक्षा कठीण राहू नये, यासाठी आवश्यकतेनुसार पाणी देण्याचे धोरणही अवलंबिण्यात आले.

२०२३ मध्ये पहिल्याच अडथळ्यावर एक घोडा दगावल्यानंतर २०२४ पासून आणखी बदल झाले. घोड्यांची कमाल संख्या ४० वरून ३४ करण्यात आली, पहिला अडथळा प्रारंभरेषेच्या सुमारे ५५ मीटर जवळ आणण्यात आला आणि प्रवेशासाठीचा किमान गुणांक १२५ वरून १३० करण्यात आला. जमीन सुस्थितीत राहावी म्हणून शर्यतीची वेळ सायंकाळी सव्वापाचऐवजी दुपारी चार अशी ठरली. २०२४ मध्ये सॉफ्ट जमिनीवर ३२ घोडे धावले, त्यांपैकी २१ घोड्यांनी शर्यत पूर्ण केली आणि एकही घोडा पडला नाही. एका वर्षाच्या निकालावरून सुधारणांच्या यशाचा अंतिम निष्कर्ष काढता येत नाही. प्राणिहक्क संघटनांचा या शर्यतीस असलेला विरोधही कायम आहे.

जमीन न मानवणाऱ्या घोड्यास शर्यतीतून मागे घेणे हाही मूल्यमापनाचाच एक निष्कर्ष असतो. अंतिम नावे निश्चित झाल्यानंतर हवामान बदलल्यास घोडा धाववावा की नाही, याचा निर्णय प्रशिक्षक व मालक यांना घ्यावा लागतो.

महाराष्ट्रातील अश्वशर्यतींशी तुलना

महाराष्ट्रात मुंबईतील महालक्ष्मी आणि पुणे येथील रेसकोर्सवर रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या शर्यती होतात. या सपाट शर्यती असून त्यांत अडथळे नसतात. अंतरही ग्रँड नॅशनलच्या तुलनेत बरेच कमी असते. तरीही जमिनीचा विचार तेथेही केला जातो. मुंबईचा हंगाम मुख्यतः हिवाळ्यात व पुण्याचा पावसाळ्यात असल्याने एकाच घोड्यास दोन निराळ्या प्रकारच्या जमिनीवर धावावे लागते. भारतीय रेसकोर्सवर जमिनीचा मऊपणा मोजण्यासाठी पेनेट्रोमीटर हे उपकरण वापरले जाते.

मूल्यमापनाच्या मर्यादा

ग्रँड नॅशनलच्या इतिहासात १०० ला १ अशा भावाचे घोडेही जिंकलेले आहेत. १९६७ मध्ये दुसऱ्या फेरीत एका स्वारविरहित घोड्याने अडथळ्यासमोर आडवे धावून जवळजवळ सर्वांची वाट अडविली. बराच मागे असलेला फॉइनेव्हन त्या गोंधळातून वाट काढून निघाला आणि विजयी झाला. त्या अडथळ्यास पुढे त्याचेच नाव देण्यात आले. २००९ मध्ये मॉन मोम हाही याच भावाने जिंकला. अशा घटनांचा अंदाज कोणत्याही फॉर्मवरून बांधता येत नाही.

गतकाळातील प्रवृत्तींवर विसंबणेही धोक्याचे असते. १९४० नंतर सात वर्षांच्या एकाही घोड्याने ही शर्यत जिंकलेली नसल्याने या वयाचे घोडे अनेकदा विचारातूनच वगळले जात असत. २०२२ मध्ये सात वर्षांच्या नोबल येट्स या घोड्याने ५० ला १ अशा भावाने विजय मिळविला. वर्षातून एकदाच होणाऱ्या शर्यतीत नमुन्यांची संख्या मुळातच थोडी असते. त्यातही अंतर, अडथळे, घोड्यांची संख्या आणि जमिनीची निगा वेळोवेळी बदलत गेल्याने जुन्या आकड्यांचे वजन आणखी कमी होते. म्हणून काळजीपूर्वक केलेले मूल्यमापन विजेता निश्चितपणे सांगू शकत नाही. कोणता घोडा कोणत्या जमिनीवर व किती वजनासह आपली योग्यता दाखवू शकेल आणि कोणत्या घोड्यास त्या दिवशी धावविणे उचित नाही, एवढेच ते साधार सांगू शकते.